खरे सौंदर्य आणि खोटे माप: ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील मराठी भाषक ख्रिस्ती कुटुंबांमध्ये रूप, रंग, नटणे आणि लग्नाची स्थळे यांविषयी काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. कधी ते तरुण संघाच्या बैठकीत येतात, कधी महिला मंडळात, आणि बऱ्याचदा उपासना संपल्यावर दाराशी चपला घालता घालता हळू आवाजात विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे पवित्र शास्त्राच्या आधारे दिली आहेत. जेथे शास्त्र स्पष्ट बोलत नाही, तेथे लिहिणाऱ्याचे मत हे मत म्हणूनच वाचावे.

देव हृदय पाहतो, असे आपण मानतो. मग रूपाविषयी बोलायचेच कशाला?

हे वचन १ शमुवेल १६:७ मध्ये आहे आणि ते कोणत्या प्रसंगी आले हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ पुरता लागत नाही. इशायाच्या मुलांपैकी एकाला राजा म्हणून अभिषेक करण्यासाठी संदेष्टा शमुवेल बेथलेहेमात गेला आणि थोरल्या अलियाबाची उंची व चेहरामोहरा पाहून हाच तो असावा, असे त्याला वाटले. तेव्हा परमेश्वराने त्याला अडवले आणि माणूस बाहेरचे स्वरूप पाहतो, देव मात्र अंतःकरण पाहतो, असे सांगितले. गंमत अशी की त्यानंतर पाचच वचनांनी दावीद आत येतो आणि लेखक त्याच्या तांबूस कांतीचे व सुंदर डोळ्यांचे वर्णन निःसंकोचपणे करतो. म्हणजे दावीद देखणा होता हे शास्त्राने लपवलेले नाही. देखणेपणावरून राजा निवडू नये, एवढेच ते सांगते.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे या विषयावर बोलताना शरीराला तुच्छ ठरवण्याची घाई होते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण करतो आणि सारी सृष्टी पाहून ती फार चांगली आहे असे म्हणतो. त्या चांगल्यात देहही आला. दोष सौंदर्यात नाही, तो मापात आहे. नीतिसूत्रे ११:१ खोट्या तागडीला परमेश्वराला वीट आणणारी गोष्ट म्हणते. उसाच्या हंगामात वजनकाट्यावरून होणारे वाद ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हे वचन समजावून सांगावे लागत नाही: ऊस तोच असतो, काटा खोटा असला की त्याची किंमत उतरते. गोरा रंग, सडपातळ बांधा, सरळ नाक आणि लांब केस एवढ्यावरच माणसाचे मोल ठरवणारा समाजाचा काटाही असाच खोटा आहे.

पेत्राने दागिन्यांना मनाई केली आहे ना? मग नथ, पाटल्या, मंगळसूत्र घालणे चूक आहे का?

१ पेत्र ३:३-४ या वचनांवर आपल्या मंडळ्यांत जितके वाद झाले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या वचनावर झाले असतील. काही गटांत मुलींनी कानात डूलही घालू नयेत असा नियम आहे, तर काही घरांत लग्नाच्या वेळी तोळ्यांचा हिशेब प्रार्थनेपेक्षा लांब चालतो, आणि दोन्हीकडचे लोक पेत्राचेच नाव घेतात.

वचन नीट वाचावे. केस गुंफणे, सोने घालणे आणि वस्त्रे परिधान करणे हे तुमचे भूषण नसावे, असे पेत्र म्हणतो. ही जर सरसकट बंदी असेल तर वस्त्रांचीही बंदी होईल, आणि तसा अर्थ कोणी लावत नाही. पेत्राचा रोख भूषण कशाला म्हणावे यावर आहे. त्याने वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'कॉसमॉस' असा आहे. त्याचा अर्थ सजावट असाही होतो आणि जग असाही होतो, आणि आजचा 'कॉस्मेटिक' हा शब्द त्याच कुळातला आहे. त्याऐवजी तो अंतःकरणातील गुप्त मनुष्यपण आणि सौम्य, शांत आत्मा यांचे भूषण सांगतो. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. 'सौम्य' यासाठी पेत्राने जो ग्रीक शब्द वापरला, तोच शब्द मत्तय ११:२९ मध्ये प्रभू येशू स्वतःविषयी वापरतो. त्यामुळे या वचनाचा आधार घेऊन सुनेला गप्प बसवणाऱ्यांनी पेत्राचे शब्द वापरले आहेत, त्याचा अर्थ नव्हे. सौम्यता हा ख्रिस्ताचा स्वभाव आहे आणि तो सासऱ्यालाही तितकाच लागू आहे.

नथीविषयी विचाराल तर शास्त्रात ती दोन ठिकाणी ठळकपणे दिसते. उत्पत्ती २४ मध्ये अब्राहामाचा सेवक रिबकेच्या नाकात सोन्याची नथ आणि हातांत बांगड्या घालतो, आणि लगेच देवाला नमन करतो. तेथे कोणालाही संकोच वाटत नाही. नीतिसूत्रे ११:२२ मात्र तारतम्य नसलेल्या सुंदर स्त्रीला डुकराच्या नाकातल्या सोन्याच्या नथीची उपमा देते. नथ दोन्हीकडे सोन्याचीच आहे. यशया ३ मधील दागिन्यांची लांबलचक यादी लोक दागिन्यांविरुद्ध वापरतात, पण त्याच अध्यायात त्या यादीच्या आधी संदेष्टा गरिबांची लूट पुढाऱ्यांच्या घरांत साठली आहे असे म्हणतो. तेव्हा माझे मत असे आहे की दागिना घातला का, यापेक्षा तो कोणाच्या कर्जातून आला हे विचारणे शास्त्राच्या अधिक जवळ जाते. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, हे आपल्याकडे आधीपासूनच ठाऊक आहे.

गोऱ्या रंगाच्या वेडाविषयी शास्त्रात काही आहे का?

थेट आज्ञा नाही, पण दोन ठिकाणे लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहेत.

पहिले गीतरत्न १:५-६. तेथील युवती यरुशलेमच्या कन्यांना सांगते की ती काळी आहे आणि सुंदर आहे. अनेक भाषांतरांत हे 'काळी, तरी सुंदर' असे येते, परंतु मूळ इब्रीतील जोडशब्दाचा साधा अर्थ 'आणि' असाही होतो, आणि 'तरी' निवडताना भाषांतरकाराच्या काळाची आवड मध्ये येण्याचा संभव असतो. पुढच्या वचनात तिच्या रंगाचे कारणही येते: भावांनी तिला द्राक्षमळ्याची राखण करायला लावले आणि उन्हाने ती रापली. निपाणीकडच्या तंबाखूच्या शेतात किंवा चिकोडीकडच्या उसाच्या फडात दिवस काढणाऱ्या बायकांना हे वर्णन परके वाटणार नाही. रापलेली त्वचा ही श्रमाची खूण असते आणि सावलीत राहिलेली त्वचा ही बहुधा घरात पैसा असल्याची खूण असते. गोरेपणाच्या कौतुकात सौंदर्याइतकाच ऐपतीचा आणि जातीचा हिशेब दडलेला आहे, हे मान्य केल्यावाचून हा विषय पुढे सरकत नाही.

दुसरे ठिकाण गणना १२. मोशेने कूशी, म्हणजे आजच्या सुदानाकडच्या प्रदेशातील, स्त्री केली म्हणून त्याची भावंडे मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलली. तक्रारीमागे रंगच होता असे वचन थेट सांगत नाही, म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. परंतु परमेश्वर मोशेची बाजू घेतो आणि मिर्यामेची त्वचा रोगाने बर्फासारखी पांढरी होते, यातील उपरोध वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

प्रभू येशूची चित्रे तर गोरीच असतात. त्याचे काय?

शुभवर्तमानांत येशूचा रंग, उंची किंवा चेहरेपट्टी यांचे वर्णन कोठेही नाही. तो गालीलातील यहूदी कारागिराच्या घरात वाढला आणि उन्हातान्हात पायी फिरला. निळे डोळे आणि सोनेरी केस हे युरोपातील चित्रकारांनी आपल्या लोकांकडे पाहून काढले. आपल्या घरांत लटकलेली छापील चित्रे त्यांचीच नातवंडे आहेत. चित्र काढून टाका, असे येथे कोणी म्हणत नाही. मात्र यशया ५३:२ मध्ये दुःख सोसणाऱ्या सेवकाला रूप नव्हते, पाहताच मन ओढून घेईल असे सौंदर्य नव्हते, असे म्हटले आहे, आणि मंडळीने आरंभापासून हे वर्णन ख्रिस्ताला लावले आहे. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवरचे व्रण पुसले गेले नाहीत. थोमाने ते पाहिले. गौरवी शरीरातही व्रण राहिले, ही गोष्ट मला कोणत्याही चित्रापेक्षा अधिक बोलकी वाटते.

मुलीच्या बायोडाटात 'गोरी, सडपातळ' असे लिहावे का? न लिहिल्यास स्थळे येत नाहीत.

हा प्रश्न आई-वडील विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात खरी काळजी असते, म्हणून त्याचे उत्तर वरवरच्या उपदेशाने देणे बरोबर नाही. आपल्या भागात मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी आहेत. पंथ, जुनी जात, भाषा आणि नोकरी एवढे सगळे जुळवत बसले की स्थळे बोटांवर मोजण्याइतकी उरतात, आणि त्यांतही फोटो पाहूनच नकार येतो. 'मुलगी चांगली आहे, पण रंग जरा कमी आहे' हे वाक्य ऐकलेले नाही असे घर विरळाच. 'कमी' हा शब्द येथे कोणी विचारपूर्वक वापरत नाही, आणि म्हणूनच तो अधिक बोचतो.

याकोब २:१-४ मध्ये सभास्थानात सोन्याची अंगठी घातलेला माणूस येताच त्याला पुढची जागा देणाऱ्या आणि मळकट कपड्यांतील गरिबाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला याकोबाने दुष्ट विचारांचे न्यायाधीश म्हटले आहे. बैठकीच्या खोलीत पोह्यांची बशी घेऊन येणाऱ्या मुलीच्या मनगटाचा रंग निरखणारे पाहुणेही त्याच प्रकारचा न्याय करत असतात, आणि त्यांतले काही जण त्याच सकाळी उपासनेत साक्ष देऊन आलेले असतात. वरून कीर्तन आणि आतून तमाशा ही म्हण आपल्यालाही लागू पडते, हे कबूल केलेले बरे.

तेव्हा बायोडाटात रंगाचा रकाना ठेवू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. शिक्षण, काम, विश्वास, आवड आणि कुटुंब यांविषयी लिहावे, आणि फोटो हल्लीचा व खरा द्यावा. मुलाकडच्यांनीही 'मुलगी गोरी हवी' ही अट पाळकांच्या किंवा मध्यस्थांच्या कानावर घालू नये, आणि घातल्यास पाळकांनी ती पुढे नेऊ नये. असे केल्याने स्थळे कमी येतील हे खरे आहे, आणि त्याची भरपाई कोणत्याही वचनाने करता येत नाही. पण जे घर रंगावरून मुलगी पसंत करते, ते पहिल्या बाळंतपणानंतर तिच्या वजनावरून बोलू लागते, हेही आपण पाहिलेले आहे.

गोरे करणारे क्रीम वापरणे पाप आहे का?

पाप की नाही, याआधी त्यात काय आहे हे विचारावे. माणसाच्या त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो द्रव्याच्या प्रमाणात आणि प्रकारात, आणि हेच द्रव्य उन्हातील अतिनील किरणांपासून त्वचेला वाचवते. औषधाच्या दुकानात मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतल्या जाणाऱ्या काही मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग त्वचा पातळ होते, लाली आणि मुरुमे येतात, कधी चेहऱ्यावर केस वाढतात, आणि मलम थांबवताच आग होऊन सारे दुप्पट जोराने परतते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पाऱ्याची भेसळ असलेली काही क्रीमेही बाजारात सापडतात, आणि पारा मूत्रपिंडांना घातक असतो. ज्यांचा चेहरा आधीच बिघडला आहे त्यांनी मलम एकदम बंद करण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे पौल १ करिंथ ६:१९ मध्ये ज्या संदर्भात लिहितो तो व्यभिचाराचा आहे. तरीही मंदिराच्या भिंती घासून पातळ करू नयेत, एवढे त्यावरून म्हणायला हरकत नसावी. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये गेला. ट्यूबवरून तो गेला, घराघरांतून जायचा आहे.

देवाने मला असे का घडवले? माझ्या अंगावर कोड आहे, किंवा भाजल्याचे व्रण आहेत.

या प्रश्नाला 'माती कुंभाराला जाब विचारते काय?' असे उत्तर देण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायातील ते वचन इस्राएलाच्या निवडीविषयी आणि देवाच्या दयेविषयी आहे. आरशासमोर रडणाऱ्या मुलीचे तोंड बंद करण्यासाठी पौलाने ते लिहिलेले नाही. खानापूरच्या मातीची आणि तेथील कुंभारकामाची ख्याती आपल्या सर्वांना माहीत आहे. चाकावर बसलेला कुंभार भांड्यावरून हात काढत नाही, आणि हाताने केलेली दोन मडकी कधी अगदी एकसारखी नसतात. यशया ६४:८ मध्ये लोक देवाला 'तू आमचा पिता आहेस, आम्ही माती आणि तू कुंभार' असे म्हणतात; तेथे ती प्रार्थना आहे, दटावणी नाही.

कोड संसर्गजन्य नाही आणि तो कुष्ठरोगही नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटल्याने तो होतो आणि त्यावर उपचार आहेत. मराठी भाषांतरांत काही ठिकाणी आलेला 'कोड' हा शब्द ज्या इब्री शब्दासाठी आहे, तो त्वचेच्या अनेक विकारांना आणि लेवीय १३-१४ मध्ये तर कापडावरच्या व भिंतीवरच्या बुरशीलाही लावलेला आहे. त्यावरून आजच्या कोडाला शाप ठरवणे अडाणीपणाचे आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले, तेव्हा याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही, असे येशूने योहान ९:३ मध्ये स्पष्ट सांगितले. आणि ज्याला कोणी शिवत नव्हते त्या रोग्याला बरे करण्यासाठी एक शब्द पुरला असता. मार्क १:४१ म्हणते की त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला.

उत्पत्तीतील याकोबाच्या दोन बायकांपैकी लेआची गोष्टही येथे आठवते. तिची धाकटी बहीण आणि सवत राहेल रूपवती होती. लेआच्या डोळ्यांविषयी जो इब्री शब्द येतो त्याचा अर्थ अधू की कोमल, यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण याकोबाचे मन तिच्यावर नव्हते हे निश्चित. नावडतीचे मीठ अळणी, अशी तिची अवस्था होती. देवाने ते पाहिले, असे उत्पत्ती २९:३१ सांगते. दाविदाचा आणि पुढे येशूचा वंश तिचा मुलगा यहूदा याच्यापासून आला, आणि मरताना याकोबाने मला लेआ जेथे पुरली आहे तेथे पुरा, असे सांगितले. ती जिवंत असताना तिला हे ऐकायला मिळाले नाही, ही गोष्ट मात्र गोड करून सांगता येत नाही.

पती वारल्यावर चांगली साडी नेसणे, फुले माळणे योग्य आहे का?

होय. समाज रूपाचे माप दोन्ही बाजूंनी वापरतो: कुमारिकेला सजवून दाखवतो आणि विधवेला जाणूनबुजून विरूप करतो. आजच्या कर्नाटकातील डोंगराळ भागात १८५८ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते बालविधवांसाठी. केशवपनाने ज्यांची ओळखच पुसली जात असे, अशा मुलींना शिक्षण आणि माणूसपण परत देण्याचे ते काम होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमधूनच त्यांनी बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणले. असे असताना आपल्याच घरांत विधवा बहिणीच्या रंगीत साडीवर कुजबुज व्हावी, याला ख्रिस्ती शिकवणुकीत काही आधार नाही. यशया ६१:३ शोक करणाऱ्यांना राखेऐवजी शिरोभूषण देण्याविषयी बोलते.

हे सगळे स्त्रियांपुरतेच आहे का?

नाही, आणि मुलगे याविषयी बोलत नाहीत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि आपल्या गावांतील शेकडो मुले भरतीसाठी पहाटे धावतात. तेथे उंची आणि छाती मोजली जाते ती त्या कामासाठी, आणि त्यात गैर काही नाही. पण एक सेंटिमीटर कमी भरल्याने परत आलेला मुलगा घरात 'बुटका' म्हणून हिणवला गेला तर ते माप कामाचे राहत नाही, माणसाचे होते. शौल इस्राएलात सर्वांपेक्षा डोके-खांदे उंच होता आणि राजा म्हणून अपयशी ठरला. दाविदाचा मुलगा अबशालोम याच्या केसांचे वजन करण्याइतके कौतुक होते, आणि एला वृक्षाच्या फांद्यांत अडकून तो लोंबकळत राहिला. जक्कय ठेंगणा होता, म्हणून येशूला पाहायला झाडावर चढला. येशूने त्याला झाडावरून खाली बोलावले ते त्याच्या घरी उतरण्यासाठी.

पिकलेले केस काळे करणे चुकीचे आहे का?

नाही. नीतिसूत्रे १६:३१ पिकल्या केसांना शोभेचा मुकुट म्हणते, त्यामुळे ते तसेच ठेवायलाही लाज वाटू नये.

मोबाईलवर फिल्टर लावून फोटो टाकण्यात काय बिघडते?

मौज म्हणून टाकलेल्या एका फोटोने काही बिघडत नाही. बिघडते ते स्वतःचा खरा चेहरा अनोळखी वाटू लागल्यावर. फिल्टर बहुधा सर्वांना एकाच दिशेने नेतो: त्वचा उजळ, नाक निमुळते, डोळे मोठे. निर्गम ३८:८ मध्ये एक लहानसा उल्लेख आहे की दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या पितळी आरशांपासून हातपाय धुण्याचे गंगाळ घडवले गेले. त्या स्त्रियांविषयी आपल्याला आणखी काहीही सांगितलेले नाही, पण तरुण संघात हे वचन वाचले की मुली बराच वेळ त्यावर बोलतात.

घरातली वडीलधारी माणसे माझ्या मुलीला 'काळी' म्हणूनच हाक मारतात. मी काय करू?

बहुतेक आज्या-आत्या हे प्रेमाने म्हणतात, आणि म्हणूनच त्यांना अडवणे कठीण जाते. तरीही चारचौघांत वाद न घालता, एकट्यात, आदराने पण स्पष्ट सांगावे की मुलीला तिच्या नावानेच हाक मारावी. आपण स्वतःही तपासून पाहावे: गरोदरपणात केशर घातलेले दूध प्यायल्याने मूल गोरे होते, ही समजूत चुकीची आहे, रंग आईवडिलांच्या पिढ्यांतून येतो, डाळीचे पीठ आणि साय लावून अंघोळ घालण्यात आनंद असेल तर जरूर घालावी, पण 'गोरी होशील' असे म्हणत घालू नये. मुलीची स्तुती करताना तिने काय केले याचा उल्लेख करावा. आणि कधीतरी ती छान दिसते, हेही सांगावे. अंतरंगाच्या सौंदर्यावर प्रवचन ऐकणाऱ्या मुलीला आपण दिसायला वाईट आहोत, असाच त्याचा अर्थ लागतो.

हिंदू, लिंगायत किंवा जैन शेजारीही हेच सांगतात. मग यात ख्रिस्ती असे काय आहे?

बरेचसे समान आहे, आणि ते आनंदाने मान्य करावे. सावळ्या विठ्ठलाला डोळे भरून पाहण्यासाठी आपल्या भागातून दिंड्या पंढरपूरला जातात, आणि बाराव्या शतकातील शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतील शिवभक्तांनी, बाह्य भपक्यापेक्षा अंतरंगाची शुद्धी मोठी मानली. ख्रिस्ती विश्वासाचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे: प्रत्येक माणूस देवाचे प्रतिरूप आहे, आणि देवाने स्वतः शरीर धारण केले. त्यामुळे शरीर हे टाकून द्यायचे आवरण ठरत नाही. अर्थात, सावळ्या देवाचे भक्त आणि रूप नसलेल्या तारणाऱ्याचे शिष्य, असे दोघेही गोरीच सून शोधतात, हा आपला एकत्रित विनोद आहे.

मी ब्यूटी पार्लर चालवते. हे काम ख्रिस्ती स्त्रीने करणे योग्य आहे का?

निश्चितच योग्य आहे. निर्गम ३१ मध्ये देव बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो ते कारागिरीसाठी, आणि याजकांची वस्त्रे गौरवासाठी व शोभेसाठी असावीत असे देव स्वतः सांगतो. स्तोत्र १०४:१५ मुख तुकतुकीत करणाऱ्या तेलाला देवाचे देणे म्हणते. हाताला कला आहे, घर चालते, दिवसभर राबलेल्या बाईच्या डोक्याला कोणीतरी तेल चोळून देते. यात लाजण्यासारखे काहीच नाही.

अडचण येते ती लग्नसराईत. नवरीची आई मुलीच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ बेस लावायला सांगते, आणि नकार दिला तर गिऱ्हाईक समोरच्या पार्लरमध्ये जाते. या व्यवसायातील एका बहिणीने यावर काढलेला मार्ग असा: ती आधी मुलीच्या हनुवटीखाली, मानेला जुळेल अशी छटा अर्ध्या भागावर लावते, दुसऱ्या अर्ध्यावर आईने सांगितलेली लावते, आणि दोघींना दाराशी उजेडात नेऊन आरसा हातात देते. बहुतेक वेळा आईच पहिली छटा निवडते. जेव्हा ती दुसरीच निवडते, तेव्हा बहीण मुलीला विचारते, आणि मुलगी सांगेल ते लावते.